पहिल्या वर्षाच्या मुलांची इंग्रजी चाचणी: पेपर काढण्याआधीचं काम आणि नंतरचं

प्रश्न ठाण्यातल्या एका पदवी महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचा आहे. थोडक्यात असा: "पहिल्या वर्षाला साधारण सहाशे मुलं येतात. मराठी माध्यम, सेमी इंग्रजी, इंग्रजी माध्यम, सगळी मिसळ. जुलैत सगळ्यांची इंग्रजीची चाचणी घ्या आणि कच्च्या मुलांना वेगळा वर्ग द्या, असं प्राचार्यांनी सांगितलंय. आम्ही तिघी आहोत, हातात दोन महिने आहेत. व्याकरणाचे पन्नास प्रश्न काढून ओएमआरवर घेतले तर चालेल का? की परदेशी शिक्षणासाठी देतात त्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या धर्तीवर पेपर काढू?"

पहिलं चालणार नाही, दुसरंही नको. का, ते सांगते. मी नवी मुंबईत पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं अशा चाचण्या काढण्यात, तपासण्यात आणि आपल्याच चुका निस्तरण्यात गेली.

आमची पहिली चाचणी तुम्ही म्हणता अगदी तशीच होती. आर्टिकल, प्रिपोझिशन, टेन्स, पन्नास गाळलेल्या जागा. नोटीस बोर्डावर आम्ही तिचं नाव लावलं 'प्लेसमेंट टेस्ट'. ठरलेल्या सकाळी तिसऱ्या वर्षाची दहा-बारा मुलं टाय लावून, बायोडेटाच्या प्रती घेऊन हजर झाली. नोकरीची परीक्षा आहे असं त्यांना वाटलं, आणि चूक त्यांची नव्हती. तेव्हापासून मी साधं 'पातळी चाचणी' म्हणते. पण नावापेक्षा मोठा घोळ निकालात झाला. पन्नासपैकी चव्वेचाळीस मिळवणारी एक मुलगी, सफाईदार बोलणारी, ऑगस्टमध्ये अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं दीड पान घेऊन माझ्याकडे आली. त्यात लेखकाने आधी दुसऱ्याचं मत मांडून मग ते खोडलं होतं. तिला ते खोडलेलं मतच लेखकाचं वाटत होतं. एकही शब्द अडला नव्हता. तिला आम्ही वेगळ्या वर्गात घातलं नव्हतं, कारण आमच्या पेपरने तिला तिथवर नेलंच नव्हतं. गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. आम्ही ते बीएडला वाचलं होतं, पेपर काढताना विसरलो.

म्हणून प्रश्न काढायला बसण्याआधी प्राचार्यांकडून एकच गोष्ट लेखी घ्या: या गुणांवरून नेमकं काय करणार? वेगळ्या वर्गाच्या किती तुकड्या, प्रत्येकीत किती मुलं, कोण शिकवणार, किती आठवडे? समजा साठ-साठच्या दोन तुकड्या आहेत. मग तुमच्या चाचणीला सहाशेतली एकशेवीस मुलं शोधायची आहेत, एवढंच तिचं काम. पहिला कोण आणि विसावा कोण, याच्याशी तिला घेणंदेणं नाही. आयईएलटीएसला जगभरच्या परीक्षार्थींना शून्य ते नऊच्या पट्टीवर कुठेतरी बसवायचं असतं, त्यामुळे तिच्यात अगदी सोप्यापासून अगदी अवघडापर्यंत सगळं लागतं. तुम्हाला एकच रेघ मारायची आहे. तेव्हा तुमचे बहुतेक प्रश्न त्या रेघेच्या आसपासच्या काठिण्याचे हवेत. हुशार मुलांना पेपर सोपा वाटला तर वाटू दे.

आता त्या रेघेच्या वर असणं म्हणजे काय? याचं उत्तर इंग्रजी विभागात बसून मिळत नाही. अकाउंट्स, रसायनशास्त्र, मानसशास्त्र शिकवणाऱ्यांच्या वर्गात मागच्या बाकावर दोन-दोन तास बसा. पहिल्या तीन आठवड्यांत मुलांना काय वाचायला दिलं जातं ते गोळा करा: झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स, जर्नल, मागच्या वर्षीचे पेपर. मी हे केलं तेव्हा दिसलं की वर्गात शिकवणं मराठी-हिंदी-इंग्रजीत मिसळून चालतं. सर 'डेप्रिसिएशन' शब्द इंग्रजीत सांगतात आणि तो समजावतात मराठीत. सेमीतून आलेल्या मुलांनी गणित-विज्ञान इंग्रजीत केलेलं असतं, त्यामुळे त्यांच्याकडे संज्ञा भरपूर असतात. गाडी अडते ती संज्ञांच्या मधल्या शब्दांवर: 'हाऊएव्हर', 'व्हेअरॅज', 'प्रोव्हायडेड दॅट'. आणि पेपरातल्या क्रियापदांवर. 'स्टेट', 'एक्स्प्लेन', 'डिस्टिंग्विश', 'जस्टिफाय' या चारही प्रश्नांना मुलं एकच उत्तर लिहितात, पाठ केलेलं. वर्गात भाषेची सरमिसळ चालली तरी परीक्षा पूर्ण इंग्रजीत असते. म्हणजे खरी दरी वाचन आणि लेखनात आहे, आणि तुमची चाचणीही तिथेच उभी राहायला हवी.

बोलणं-ऐकणं महत्त्वाचं नाही असं मी म्हणत नाही. पण पहिल्या वर्षी श्रवणाचा भाग गाळा. आम्ही एकदा हॉलमध्ये स्पीकर लावून घेतला. हॉलच्या मागून ट्रान्सहार्बरची लोकल जायची. खिडकीकडच्या मुलांना निम्मं ऐकूच आलं नाही, आणि त्यांचे गुण कमी आले ते रेल्वेमुळे. प्रत्येकाला हेडफोन देता येत असेल तर जरूर घ्या, आपल्याच एखाद्या प्राध्यापकाच्या आवाजातलं पाच मिनिटांचं व्याख्यान, टिपणं काढायची मुभा देऊन. तशी सोय नसेल तर वाईट घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं.

एक मागणी हमखास येईल: कॉमर्सला वेगळा पेपर हवा, सायन्सला वेगळा. ऐकू नका. आयईएलटीएसच्या आधीच्या ईएलटीएस परीक्षेत, १९८० पासून, विषयवार वेगळे भाग होते. १९८९ मध्ये आयईएलटीएस आली तेव्हा ते तीन विषयगटांवर आणले गेले आणि १९९५ मध्ये तेही काढून उच्च शिक्षणाच्या परीक्षार्थींसाठी वाचन-लेखनाचा एकच पेपर ठेवला. इतकी साधनं असलेल्या लोकांना जे झेपलं नाही ते आपण तिघी-चौघींनी दोन महिन्यांत करायला जाऊ नये. शिवाय दोन पेपर दोन वेगळ्या काठिण्याचे निघाले तर एकाच वर्गासाठी मुलं निवडणार कशी? पाण्याची साठवण, शहरातली वाहतूक, झोप आणि स्मरणशक्ती, बाजारातले भाव कसे ठरतात, असे विषय घ्या. म्हणजे कुणालाच घरचे वाटणार नाहीत आणि कुणाला परकेही वाटणार नाहीत.

उताऱ्यांवर मला जरा थांबायचं आहे, कारण चाचणी इथेच बिघडते. परदेशी पुस्तकातला बर्फावरून घसरण्याच्या खेळाचा उतारा नको, हे सगळ्यांना कळतं. उलट बाजूचा खड्डा दिसत नाही. आम्ही मोठ्या हौसेने ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर उतारा लिहिला. आपला विषय, आपली खाडी. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. पोरांना माहिती असलेली बरी, असं वाटलं. मग एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून एका तुकडीला उतारा न देता नुसते प्रश्न दिले. चार पर्यायांचे आठ प्रश्न. निव्वळ अंदाजाने सरासरी दोन बरोबर यायला हवीत. ऐरोली-कोपरखैरण्याच्या पोरांची पाच-पाच, सहा-सहा आली. पक्षी गुलाबी का होतात, चिखलात काय खातात, हे त्यांना शाळेच्या सहलीतून ठाऊक होतं. मुरबाड-शहापूरकडून येणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. म्हणजे आम्ही वाचन मोजत नव्हतो, पत्ता मोजत होतो. तो उतारा फेकला. तेव्हापासून प्रत्येक उताऱ्याचे प्रश्न आधी उताऱ्याशिवाय वीस-पंचवीस मुलांना देते. फुकटचा उपाय आहे, तासाभरात होतो, आणि कितीही अनुभवी माणसाच्या नजरेतून सुटलेले दोष त्यात सापडतात.

उतारे साडेतीनशे ते पाचशे शब्दांचे तीन पुरेत. शब्दांची पातळी पाहण्यासाठी भाषा-अभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांची अभ्यासाच्या इंग्रजीची २००० सालची शब्दयादी वापरा. तिच्यात ५७० शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत आणि विद्यापीठीय लेखनातले सुमारे दहा टक्के शब्द तीच व्यापतात. त्यातले शब्द उताऱ्यात येऊ द्या, सोपे करून टाकू नका. मुलांना पुढे तेच भेटणार आहेत. यादीबाहेरचा दुर्मीळ शब्द मात्र एकतर बदला किंवा खाली अर्थ द्या.

प्रश्न काढताना स्वतःला विचारा, हे उत्तर नुसता शब्द जुळवून सापडेल का? प्रश्नात 'इव्हॅपोरेशन' आणि उताऱ्यातही 'इव्हॅपोरेशन' असेल तर मुलगा बोट ठेवून उत्तर शोधतो, वाचत नाही. पाठीला कणा असलेले प्रश्न वेगळे असतात. तिसऱ्या परिच्छेदातलं उदाहरण कोणत्या विधानाला आधार देतं? लेखकाचं स्वतःचं मत कोणतं आणि तो दुसऱ्याचं कोणतं सांगतोय? तक्त्यातला कोणता आकडा उताऱ्यातल्या विधानाशी जुळत नाही? चुकीचे पर्याय डोक्यातून काढू नका. हाच प्रश्न पर्यायांशिवाय तीस मुलांना द्या, त्यांनी लिहिलेली खरी चुकीची उत्तरं उचला. आणि बरोबर पर्याय सगळ्यात लांबलचक होतोय का, हे बघा. आपण शिक्षक बरोबर उत्तर जपून, अटी घालून लिहितो, आणि क्लासला जाणाऱ्या पोरांना ती खोड नेमकी माहीत असते.

लेखनाचा प्रश्न 'माझा आवडता सण' असा नको. ते निबंध दहावीपासून तोंडपाठ असतात. उताऱ्यांपैकीच एक आणि एक छोटा तक्ता द्या. दोन्हींत मिळून काय सांगितलंय ते दीडशे शब्दांत, स्वतःच्या वाक्यांत लिहायला सांगा. आता तुम्ही म्हणाल, सहाशे उत्तरपत्रिका कोण तपासणार? प्रत्येक उत्तर दोघींनी वाचायचं, तीन मिनिटं धरली, तर साठ तास होतात. यावर तोडगा आहे, पण त्याआधी आकड्यांकडे यावं लागेल.

पेपर तयार झाला की थेट जुलैत वापरू नका. आपल्यासारखीच मुलं असलेल्या दुसऱ्या महाविद्यालयात साठ मुलांना तो आधी देऊन बघा (यालाच पायलट म्हणतात), पेपर परत मोजून घ्या. एक्सेलमध्ये मुलांना गुणांनुसार लावा. वरचे सत्तावीस टक्के म्हणजे सोळा, खालची सोळा. एखादा प्रश्न वरच्या सोळांतल्या तेरांनी आणि खालच्या सोळांतल्या सहांनी बरोबर सोडवला, तर फरक सात भागिले सोळा, म्हणजे ०.४४. उत्तम प्रश्न. ०.३ च्या वर ठेवा, ०.२ च्या खालचे पुन्हा लिहा किंवा टाका. फरक उणे आला, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि कच्ची बरोबर आली, तर मुलांना दोष देण्याआधी उत्तरसूची तपासा. दहांत सात वेळा सूचीच चुकलेली असते, निदान माझी तरी. साठ प्रश्न हवे असतील तर नव्वद काढायला घ्या. तीस गळणारच आहेत, आणि त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. ज्या मॅडमनी प्रश्न काढला त्यांना तो लेकरासारखा वाटतो. यावरून विभागात अबोले झालेले मी पाहिलेत.

आता तो तोडगा. कुठल्याही चाचणीचे गुण थोडे हलतात. तीच मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच तोडीचा पेपर सोडवेल तर तेच गुण पडणार नाहीत. किती हलतात हे काढता येतं. साठ गुणांचा पेपर, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते) १०, विश्वसनीयता (गुण किती भरवशाचे, ते शून्य ते एकच्या पट्टीवर) ०.८४ असेल, तर एकातून ०.८४ वजा, त्याचं वर्गमूळ ०.४, गुणिले दहा, म्हणजे चार गुण. तुमची रेघ ३२ वर असेल तर २८ ते ३६ मधल्या मुलांबद्दल तुम्हाला खरं तर खात्रीने काही सांगता येत नाही. ३१ वाला कच्चा आणि ३३ वाला पक्का, हे फक्त यादीत खरं दिसतं. म्हणून लेखन सगळ्यांकडून घ्या, पण दोघींनी तपासायचं ते फक्त या पट्ट्यातल्या मुलांचं. सहाशेतली समजा दीडशे मुलं त्यात आली, तर साठ तासांचे पंधरा होतात, तिघींत पाच-पाच. वरच्या आणि खालच्या मुलांच्या उत्तरपत्रिका कपाटात ठेवा. वर्ग सुरू झाल्यावर शिकवायला त्यांच्यासारखं साहित्य नाही.

तपासण्याआधी दोन तास एकत्र बसा. पंधरा उत्तरं काढून प्रत्येकीने वेगळे गुण द्या आणि मग पाट्या उघडा. आमच्याकडे एकाच उत्तराला दहापैकी चार आणि आठ पडले होते. चार देणाऱ्या मॅडम स्पेलिंग मोजत होत्या, आठ देणारे सर आशय. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक. त्यानंतर आम्ही चार खाती केली: उताऱ्यातला मुद्दा बरोबर उचलला का, दोन स्रोत जोडले का, मांडणीला क्रम आहे का, आणि भाषेच्या चुकांनी अर्थ अडतो का. अर्थ न अडवणाऱ्या चुकांना कात्री नाही. उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी उतरवली असतील तर पहिल्या दोन खात्यांत शून्य. सुंदर अक्षराला नकळत गुण जातात, हे एकमेकींना मोठ्याने सांगत राहा.

रेघ कुठे मारायची? पस्तीस टक्के किंवा चाळीस टक्के नको. तो पासिंगचा आकडा आपल्या हाडात बसलाय, पण त्याचा तुमच्या प्रश्नांशी काही संबंध नाही. परीक्षातज्ज्ञ विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी, १९७१ पासूनची पद्धत वापरा. वेगवेगळ्या विषयांचे सहा-सात शिक्षक बोलवा, फक्त इंग्रजीचे नको. त्यांना सांगा: जेमतेम निभावून नेतील अशी शंभर मुलं डोळ्यांसमोर आणा, हा प्रश्न त्यातली किती सोडवतील? कुणी सत्तर म्हणेल, कुणी पंचावन्न. चार पर्याय असतील तर पंचवीसच्या खाली कुणी जाऊ नये. प्रत्येक प्रश्नाची सरासरी काढून बेरीज केली की रेघ मिळते. पहिल्या फेरीत रसायनशास्त्राचे सर आणि इंग्रजीच्या मॅडम यांच्यात हटकून वाद होतो. होऊ द्या, मग दुसरी फेरी घ्या. सगळ्या महाविद्यालयाने 'निभावून नेणं' म्हणजे काय यावर एका टेबलाशी बसून बोलण्याची ती बहुधा एकमेव वेळ असते.

या रेघेखाली एकशेनव्वद मुलं निघाली आणि जागा एकशेवीसच असल्या तर? तेव्हा रेघ गुपचूप खाली सरकवू नका. प्राचार्यांना दोन आकडे वेगवेगळे दाखवा: गरज असलेली मुलं एकशेनव्वद, सामावून घेता येणारी एकशेवीस. मग तिसरी तुकडी काढायची की आधी कुणाला घ्यायचं, हा निर्णय त्यांचा आहे आणि त्यावर त्यांची सही असू दे. आणि निकालावर बी-१, बी-२ असं काही छापू नका. भाषा किती येते हे सांगणाऱ्या, ए-१ ते सी-२ अशा त्या सहा पातळ्या कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये सविस्तर वर्णनांसह मांडल्या आहेत. आपल्या चाचणीचं त्यांच्याशी नातं सिद्ध करायला वेगळा अभ्यास लागतो. पालक ते अक्षर बघतात आणि उद्या त्याच कागदावर परदेशी प्रवेशाचं विचारायला येतात.

किरकोळ पण राहून जाणाऱ्या गोष्टी: दोन बॅचमध्ये घेणार असाल तर दोन संच हवेत, सकाळचा पेपर अकरापर्यंत व्हॉट्सॲपवर असतो. सूचना मराठीतही छापा. सूचना न कळल्याने गेलेला गुण तुम्हाला काहीच सांगत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्थान आहे, त्यांच्या वाढीव वेळेची सोय आधीच करा, त्या दिवशी अर्ज मागू नका. वेळ ठरवायला पायलटमध्ये दर दहा मिनिटांनी मुलांना पेनाने रेघ मारायला सांगा, कोण कुठवर पोचलं ते दिसतं.

आणि नोव्हेंबरमध्ये सत्राचा निकाल लागला की चाचणीचे गुण त्याच्या शेजारी मांडा. एक सावधगिरी ठेवा. वेगळ्या वर्गातली मुलं शिकून सुधारली असतील तर चाचणीचा आणि निकालाचा संबंध कमजोर दिसेल, आणि कुणीतरी म्हणेल चाचणी फसली. म्हणून तुलना रेघेच्या वरच्या मुलांत करा, ज्यांना जादा काही शिकवलं नाही त्यांच्यात. त्यात जी आठ-दहा मुलं चाचणीत वर होती आणि सत्रात आपटली, त्यांना एकेकाला बोलावून बसवा, त्यांचीच उत्तरपत्रिका समोर ठेवा आणि कुठे अडलं ते विचारा. पुढच्या जुलैचे पहिले दहा प्रश्न तिथून निघतील.